धावपट्टीसाठी विकलेले स्वातंत्र्य

अमेरिकेच्या अध्यक्षांना ग्रीनलँड हवे आहे. विकत मिळाले तर विकत हवे आहे. नाही मिळाले तर त्यासाठी सैन्य वापरणार नाही, एवढी साधी हमी द्यायलाही ते तयार नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये, दुसऱ्यांदा शपथ घेण्यापूर्वीच, डोनाल्ड ट्रम्प यांनी भर पत्रकार परिषदेत ही हमी नाकारली, आणि त्यानंतरही ती हाव सुटलेली नाही. ग्रीनलँड कोणाचे? ते डेन्मार्कच्या राज्यात मोडते, तेथे लोकांनी निवडलेली संसद आहे, आणि स्वतंत्र व्हायचे की नाही हे ठरवण्याचा तेथील लोकांचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झालेला आहे. आणि डेन्मार्क कोण? ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये ज्या १२ राष्ट्रांनी नाटोच्या करारावर सह्या केल्या त्यांतले एक. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या हाकेला ओ देऊन ज्यांनी अफगाणिस्तानात सैनिक धाडले, त्यांतले एक. या चिमुकल्या देशाने तेथे ४० हून अधिक जवान गमावले. त्याच डेन्मार्कला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष ग्रीनलँडमधल्या अमेरिकी तळावर उभे राहून सुनावतात की, तुम्ही या बेटाच्या लोकांचे भले केले नाही! मित्राच्या अंगणात उभे राहून मित्राच्याच घरावर हक्क सांगण्याच्या या प्रकाराला आम्ही दरोडेखोरी म्हणतो, आणि दुसरा सौम्य शब्द शोधण्याची आमची इच्छा नाही.

आणि २०२५ मध्ये युरोपने काय केले? नाटोच्या परिषदेत युरोप मूग गिळून बसला. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोची शिखर परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यात ग्रीनलँडचा उच्चारही नाही. २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षणावर घालू, त्यांतले साडेतीन निव्वळ लष्करावर आणि उरलेले दीड त्याला पूरक कामांवर, असे वचन मात्र त्यात आहे. ट्रम्प यांनी जे मागितले ते दिले. एकट्या स्पेनने थोडा विरोध केला. नाटोचे महासचिव मार्क रुटे यांनी ट्रम्प यांना पाठवलेले स्तुतीचे खासगी संदेश खुद्द ट्रम्प यांनीच जगासमोर उघडे केले, तरी महासचिवांना त्याची लाज वाटली नाही. ३२ राष्ट्रांच्या संघटनेचा मुख्य माणूस एका सदस्याची जमीन बळकावू पाहणाऱ्या दुसऱ्या सदस्यापुढे हात जोडून उभा राहतो, आणि याला मुत्सद्देगिरी म्हणतात! ही मांडलिकाची भाषा आहे.

नाटोला धोका कोणाचा, यावर सध्या पंडितांचे ताफे बोलत असतात. कोणी मॉस्कोकडे बोट दाखवतो, कोणी बीजिंगकडे, कोणी एकट्या ट्रम्प यांच्या स्वभावाकडे. आमचे मत असे की, हा रोग नाटोच्या अंगात जन्माच्या दिवशीच होता. आपल्याला लष्करी तळ हवा असेल तर त्याची किंमत दुसऱ्याच्या स्वातंत्र्याने चुकवायची, हा सौदा तिने पहिल्याच दिवशी मान्य केला. त्या सौद्यात ज्यांचा बळी गेला त्यांत आमचा गोवा होता. म्हणून या विषयावर गप्प राहणे मराठी माणसाला शोभणार नाही.

नाटोला जन्म देणारी भीती खोटी होती, असे आम्ही म्हणत नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. दोनच आठवड्यांत परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्या मंत्रालयाच्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडले. जूनमध्ये स्टालिनने बर्लिनची नाकेबंदी केली आणि २० लाखांहून अधिक माणसांच्या शहराला विमानांतून कोळसा आणि पीठ पुरवण्याची वेळ आली. मार्च १९४८ मध्येच ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्समध्ये परस्पररक्षणाचा करार केला होता. पण अमेरिकेशिवाय त्यात दम नव्हता. हिटलरच्या टाचेखालून नुकत्याच सुटलेल्या माणसांना पुन्हा दुसऱ्या टाचेखाली जायचे नव्हते. त्यांची ही इच्छा रास्त होती आणि तिचा आम्ही आदर करतो.

पण करार लिहिला गेला तेव्हा त्याच्या प्रास्ताविकात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य ही तीन तत्त्वे गाजावाजा करून घातली गेली, आणि त्याच कागदावर आंतोनिओ सालाझारच्या पोर्तुगालची सही घेतली गेली! सालाझार १९३२ पासून पंतप्रधानपदावर मांड ठोकून बसलेला हुकूमशहा. त्याच्या देशात विरोधी पक्षाला जागा नाही, सेन्सॉरच्या लेखणीखालून गेल्याशिवाय वर्तमानपत्र निघत नाही, 'पीदे' नावाचे गुप्त पोलीस रात्री माणसे उचलतात, आणि केप व्हर्देच्या ताराफाल छावणीत राजकीय कैदी तापाने मरतात. या माणसाला स्वतंत्र जगाचा संस्थापक सभासद का केले? कारण उघड होते. पोर्तुगालकडे आझोरेस बेटे होती. अटलांटिक महासागराच्या मधोमध, अमेरिकेहून युरोपला जाणाऱ्या विमानांना इंधन भरायला दुसरी अशी जागा नव्हती. तेर्सेइरा बेटावरच्या लाजेसच्या धावपट्टीसाठी प्रास्ताविकातल्या तीन तत्त्वांवर पाणी सोडले गेले. फेब्रुवारी १९५२ मध्ये नाटोची परिषद भरली ती सालाझारच्याच लिस्बनमध्ये, आणि महासचिवाचे पद निर्माण करण्याचा निर्णय तेथेच झाला. त्या पदावर पहिले बसले लॉर्ड इस्मे: नैनितालला जन्मलेले, भारतातल्या इंग्रजी फौजेत वाढलेले आणि फाळणीच्या वेळी माउंटबॅटन यांचे प्रमुख सहायक असलेले. नव्या संघटनेच्या खुर्चीत जुन्या साम्राज्याचा माणूस बसला, आणि साम्राज्याची नजरही त्याच्यासोबत आत आली.

१९४९ च्या मूळ कराराचे सहावे कलम उघडून वाचा. संरक्षण कोणत्या भूमीला मिळणार, हे त्यात सांगितले होते. युरोप, उत्तर अमेरिका, कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटे, आणि फ्रान्सचे अल्जीरियातील जिल्हे! ज्या अल्जीरियाच्या जनतेला फ्रेंचांनी शंभराहून अधिक वर्षे पायाखाली ठेवले होते, त्या गुलामगिरीला या करारात जागा मिळाली. १९५४ पासून अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा नाटोच्या कामासाठी राखलेल्या फ्रेंच तुकड्या तिकडे वळवल्या गेल्या आणि कोणी हरकत घेतली नाही.

आता गोव्याकडे या.

१५ ऑगस्ट १९५५. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती. हातात तिरंगा घेतलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडत होते. पत्रादेवीला, तेरेखोलला आणि आणखी कित्येक ठिकाणी पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. पंजाबहून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल छातीवर गोळी झेलून पत्रादेवीच्या मातीत पडले. त्याआधी मे महिन्यात पंच्याहत्तरीला टेकलेले सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे सत्याग्रहींच्या तुकडीत होते. नानासाहेबांना दहा वर्षांची सजा झाली. मधु लिमये यांना अमानुष मारहाण झाली आणि बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. पुणे, बेळगाव, सावंतवाडी, मुंबई येथल्या घराघरांतून तरुण या लढ्यात गेले होते. त्यांच्यावर चाललेली बंदूक स्वातंत्र्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या एका लष्करी युतीच्या संस्थापक सभासदाची होती.

या गोळीबारानंतर साडेतीन महिन्यांनी, डिसेंबर १९५५ मध्ये, वॉशिंग्टनहून एक संयुक्त निवेदन निघाले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्हा यांच्या सह्यांच्या त्या निवेदनात आशियातल्या पोर्तुगीज मुलखाला पोर्तुगालचे 'प्रांत' म्हटले होते. सालाझारने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींची पाटी बदलून त्यांना सागरापारचे प्रांत असे नाव दिले होते. ती मखलाशी डलेस यांनी जशीच्या तशी उचलली. पत्रकारांनी छेडले तेव्हा त्यांनी माघार घेतली नाही, उलट सगळे जग गोव्याला पोर्तुगालचा प्रांतच मानते असे बजावले. सगळे जग! पत्रादेवीचे रक्त सुकलेही नव्हते. त्याच आठवड्यांत सोव्हिएत नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोवा भारताचा आहे असे सांगत होते. आशियाच्या एका स्वतंत्र लोकशाहीला रशियाच्या दिशेने कोणी ढकलले, याचा हिशेब पाश्चात्त्य इतिहासकारांनी डलेस यांच्या खात्यावर मांडावा.

१९६१ मध्ये हे सोंग पुरते उघडे पडले. अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगीज विमानांनी तेथल्या खेड्यांवर बाँब आणि नापाम टाकले. ही विमाने नाटोच्या कामासाठी म्हणून अमेरिकेने पुरवलेली होती. केनेडी यांच्या सरकारने आरंभी संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिले. पण आझोरेसच्या तळाची मुदत १९६२ अखेर संपत होती, आणि मुदत जवळ आली तसतसा अमेरिकेचा आवाज बसत गेला. एका धावपट्टीच्या भाडेपट्ट्याने अंगोलाच्या माणसांची किंमत ठरवली.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना गोव्यात शिरली. सालाझारने आपल्या गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम सोडला; गव्हर्नर वासालू इ सिल्व्हा यांनी शहाणपणाने शरणागती पत्करली. सुरक्षा समितीत १८ तारखेच्या रात्री भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. तो मांडणारे चौघे कोण होते? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. चौघेही नाटोचे सभासद! ठरावाच्या बाजूने सात मते पडली. विरोधात सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक उभे राहिले, आणि रशियाच्या नकाराधिकाराने ठराव कोसळला. अमेरिकेचे प्रतिनिधी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी या घटनेतून संयुक्त राष्ट्रांचा मृत्यू ओढवेल असा इशारा दिला. निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा हा गळा का निघाला नाही? साडेचारशे वर्षे एका प्रजेला जखडून ठेवले तेव्हा कायद्याचे राज्य कोठे होते? गोवा मुक्त झाला त्यावेळी नाटोच्या तोफा त्यावर वळल्या नाहीत, हे खरे. पण ते तत्त्वामुळे घडले नाही. गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला होता, एवढ्या भूगोलाने ते घडले.

आणि गोवा मुक्त झाल्यावरही आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात खितपत पडले होते. २६ वर्षांची शिक्षा भोगणारा हा मराठी माणूस जानेवारी १९६९ मध्ये सुटला. गोव्यावर तिरंगा फडकून सात वर्षे झाली होती. नाटोच्या एका संस्थापक देशाच्या कोठडीत ही सात वर्षे गेली. त्या काळात नाटोच्या मुख्यालयातून एक तरी निषेधाचा शब्द निघाला काय? पोर्तुगालला अखेर लोकशाही मिळाली ती २५ एप्रिल १९७४ रोजी, वसाहतींच्या युद्धांना विटलेल्या त्याच्या स्वतःच्या सैनिकांमुळे. नाटोने पंचवीस वर्षे हुकूमशाहीला मानाचे पान वाढले, एवढेच तिचे कर्तृत्व.

ग्रीनलँडची कथा याच सौद्याचे दुसरे प्रकरण आहे. १९५१ मध्ये डेन्मार्कने अमेरिकेशी करार करून थुले येथे तळ दिला. १९५३ मध्ये तेथल्या इनुइट कुटुंबांना त्यांच्या पिढीजात शिकारीच्या भूमीवरून, काही दिवसांच्या सूचनेवर, उठवून उत्तरेला हाकलले. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी आपल्या जनतेपासून लपवून तेथे अण्वस्त्रे ठेवायला मूक संमती दिली, आणि जानेवारी १९६८ मध्ये चार हायड्रोजन बाँब घेऊन उडणारे अमेरिकी बी-५२ विमान थुलेजवळच्या बर्फावर कोसळले. त्या किरणोत्सारी बर्फाची साफसफाई डॅनिश आणि ग्रीनलँडच्या मजुरांनी केली. तेव्हा तळासाठी इनुइट माणसांची घरे देणारे कोपनहेगन आज स्वतःच्या सार्वभौमत्वाची ग्वाही मागत आहे. ती मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण तळाच्या गरजेपुढे माणसाचा हक्क नमतो, हा धडा वॉशिंग्टनला कोणी शिकवला, हेही त्याने स्वतःला विचारावे.

शीतयुद्ध संपल्यानंतरचा हिशेब फार लांबवण्याची गरज नाही. १ जुलै १९९१ रोजी सोव्हिएत गोटाचा वॉर्सा करार विसर्जित झाला. ज्या शत्रूसाठी नाटो जन्मली तो शत्रूच उरला नाही. तेव्हा ती थांबली नाही. १९९९ मध्ये सुरक्षा समितीच्या संमतीशिवाय तिने युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बाँब टाकले. २०११ मध्ये लिबियातल्या नागरिकांच्या रक्षणाचा परवाना घेऊन तिने तेथली राजवट उलथवली आणि देश टोळ्यांच्या हाती सोडून दिला. अफगाणिस्तानात वीस वर्षे काढली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर माणसे विमानांच्या चाकांना लटकत असताना ती तेथून निघाली.

हे सारे खरे असले तरी मॉस्कोच्या बाजूने टाळ्या पिटणाऱ्यांना आम्ही थारा देणार नाही. १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये झेकोस्लोव्हाकियात आपल्याच गोटातल्या देशांवर रणगाडे चढवणारी सत्ता मॉस्कोचीच होती. १९९४ मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रे सोडली आणि बदल्यात रशियाने त्याच्या सीमा मानण्याची लेखी हमी दिली. २०१४ मध्ये क्रायमिया गिळून आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी संपूर्ण युक्रेनवर चाल करून पुतिन यांनी ती हमी पायदळी तुडवली. युक्रेनमधल्या बुचाच्या रस्त्यांवर पडलेली प्रेते कोणत्याही 'नाटोच्या विस्ताराने' धुतली जाणार नाहीत. फिनलंड आणि स्वीडन हे दोन तटस्थ देश आपली जुनी परंपरा मोडून २०२३ आणि २०२४ मध्ये नाटोत आले, ते पुतिन यांच्याच भीतीने. १९६१ च्या नकाराधिकाराबद्दल भारत रशियाचा ऋणी आहे, आणि ते ऋण आम्ही विसरत नाही. पण पत्रादेवीला जे पाप होते ते बुचाला पुण्य होत नाही. संयुक्त राष्ट्रांत युक्रेनच्या प्रश्नावर दिल्लीने वारंवार तटस्थ राहून जे मौन पाळले, ते गोव्याच्या हुतात्म्यांच्या देशाला शोभणारे नाही, आणि आम्ही त्याचा जाहीर निषेध करतो.

तर मग नाटोचा खरा धोका कोठे आहे? तो कराराच्या पानांत आहे. पाचवे कलम सांगते की एकावरचा हल्ला हा सर्वांवरचा हल्ला. पण पुढेच म्हणते की प्रत्येकाने स्वतःला आवश्यक वाटेल ती कृती करावी. फौज पाठवावी, की नुसते निषेधाचे पत्र पाठवावे? तो निर्णय ज्याच्या त्याच्यावर सोडलेला आहे. ७५ वर्षांत हे कलम एकदाच लागू झाले, तेही अमेरिकेसाठी. हल्लेखोर आतलाच असेल तर काय करायचे, यावर करार एक शब्द बोलत नाही. १९७४ मध्ये तुर्कस्तानचे सैन्य सायप्रसमध्ये उतरले आणि ग्रीस संतापून लष्करी रचनेतून बाहेर पडला, तेव्हाही कोणाला ही त्रुटी भरून काढावीशी वाटली नाही. सभासदाला काढून टाकण्याचे कलम नाही. बाहेर पडायचे तर एक वर्षाची सूचना द्यायची, आणि ती कोणाला? अमेरिकेच्या सरकारला! युरोपातल्या सर्वोच्च सेनापतीची खुर्ची पहिल्या दिवसापासून अमेरिकी अधिकाऱ्याकडे आहे. आपल्याच अध्यक्षाने एकट्याच्या लहरीने नाटो सोडू नये म्हणून अमेरिकी काँग्रेसला २०२३ मध्ये कायदा करावा लागला, आणि तो पुढे आणणाऱ्यांत मार्को रुबिओ होते, जे आज ट्रम्प यांचे परराष्ट्रमंत्री आहेत! ज्या घराची किल्ली, कोठार आणि दरवान एकाच माणसाच्या हाती दिले, त्याने एक दिवस घरच मागितले तर बाकीच्यांनी कोणाकडे दाद मागायची?

आपल्याकडेही काही शहाणे आहेत, जे भारताने एखाद्या बलाढ्य सत्तेच्या लष्करी छत्राखाली जावे असे सुचवत असतात. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहावे. १९५४-५५ मध्ये पाकिस्तान सिएटो आणि बगदाद या लष्करी करारांत शिरला; कम्युनिस्टांविरुद्ध म्हणून मिळालेले पॅटन रणगाडे त्याने १९६५ मध्ये खेमकरणच्या शेतांत आपल्यावर चालवले, आणि भारताविरुद्ध ही शस्त्रे वापरू देणार नाही ही वॉशिंग्टनची ग्वाही हवेत विरली. दोन्ही करार आज इतिहासजमा आहेत. पाकिस्तानने त्यातून कमावली ती लष्करशाही.

युरोपच्या राजधान्यांत बसलेल्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. ५ टक्क्यांचे वचन पुरे करण्यापूर्वी तुमच्या करारात एक कलम घाला: जो सभासद दुसऱ्या सभासदाच्या भूमीवर बळाने किंवा धाकाने हक्क सांगेल, त्याचे सेनापतिपद त्या दिवशी संपेल, त्याचे त्या देशातले तळ बंद होतील आणि पाचवे कलम त्याच्याविरुद्ध लागू होईल. हे कलम घालण्याची धमक नसेल तर लोकशाहीचे ते प्रास्ताविक फाडून टाका, कारण सालाझारच्या सहीपासून तुम्ही ते पाळलेलेच नाही. लिस्बनच्या सरकारने काशियास आणि पत्रादेवीसाठी, आणि वॉशिंग्टनने डलेस यांच्या निवेदनासाठी, गोव्याच्या जनतेची जाहीर क्षमा मागावी. आणि ग्रीनलँडच्या भवितव्याची बैठक जेथे कोठे भरेल, तेथे कोपनहेगन आणि वॉशिंग्टन यांच्या आधी त्या बेटावरच्या सुमारे ५७ हजार माणसांच्या प्रतिनिधींना खुर्ची मिळाली पाहिजे, थुलेच्या विस्थापितांचे वारस त्यांत असले पाहिजेत, आणि ते 'नाही' म्हणाले तर तो तळही उठला पाहिजे.